ढालीचे लाकूड

मराठीत ‘ढाल’ आहे, उर्दूत ‘सिपर’ आहे, अरबीत ‘तुर्स’, ‘दरका’, ‘जुन्ना’ असे एकाहून अधिक शब्द आहेत. संकटापुढे छाती पुढे करून उभ्या राहणाऱ्या माणसाला उर्दूत ‘सीना-सिपर’ म्हणतात. हदीसमध्ये रोजाला ढालीची उपमा दिलेली आहे. एखाद्याला पुढे करून कुणी आपले काम साधले, तर ‘त्याची ढाल केली’ असे आपण सहज बोलून जातो. शब्दांची ही श्रीमंती असली तरी मूळ वस्तू कशाची होती, कोणी केली आणि कशी केली, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

याला कारण आहे. मध्ययुग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते, आणि मध्ययुगातला मुसलमान म्हटला की ती तलवार आणखी लांब होते. आम्ही शिक्षक वर्गात पुस्तकातील चित्र दाखवतो तेव्हा मुलांचे बोट आधी पात्यावर जाते. डाव्या हातातील गोल वस्तूविषयी क्वचितच कुणी प्रश्न विचारतो. त्यामुळे त्या काळातील माणसाला मारण्याइतकीच, किंबहुना अधिक, जिवंत घरी परतण्याची ओढ होती, ही साधी गोष्ट इतिहासातून निसटते. हा लेख त्या निसटलेल्या वस्तूविषयी, विशेषतः उत्तर युरोपातील दहाव्या शतकाच्या आसपासच्या लाकडी ढालीविषयी आहे. उत्तर युरोप अशासाठी की, लाकडी ढालीचा सर्वांत बोलका पुरावा तिथल्या थंड, पाणथळ मातीने राखला. शिवाय त्याच शतकात बगदादहून निघालेल्या एका मुसलमान प्रवाशाने त्या ढालींचा आवाज आपल्या कानांनी ऐकून लिहून ठेवला आहे.

जसा मुलूख तशी ढाल

ढाल ही त्या त्या मुलखाच्या पोटातून येते. अरबस्तानात झाडे कमी आणि जनावरे पुष्कळ, म्हणून तिथे कातड्याची ढाल प्रचलित होती. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत ढाली आणि भाले घेऊन खेळत होते आणि प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना तो खेळ पाहू दिला, ही हदीस आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तिथे ढालीसाठी आलेला शब्द ‘दरक’ म्हणजे ‘दरका’चे अनेकवचन. अरबी कोशकारांनी दरकाचा अर्थ देताना एक मजेदार खुलासा केला आहे : कातड्याची अशी ढाल जिच्यात लाकूड नाही. ‘लाकूड नाही’ असे मुद्दाम सांगावे लागते याचा अर्थ लाकडाच्या ढालीही अरबांना परिचित होत्या.

सहारा वाळवंटात ‘लम्त’ नावाच्या हरणाच्या कातड्याच्या ढाली प्रसिद्ध होत्या. उस्मानी तुर्कांनी वेताच्या काड्या गोल गोल गुंडाळून, त्यांना रंगीत धाग्यांनी बांधून ‘कलकान’ बनवली. आपल्याकडे हिंदुस्थानात गेंड्याचे, म्हशीचे कातडे आणि पुढे पोलाद वापरले गेले. या ढालीच्या पुढच्या अंगावरील धातूच्या उंचवट्यांना ‘फुले’ म्हणत. उत्तर युरोपात मात्र जंगलच जंगल होते, म्हणून तिथली ढाल लाकडाची.

लाकडाची ढाल म्हणजे मुळात हातात धरलेले एक दारच. प्राचीन ग्रीकांनी एका लांबट ढालीला दिलेले ‘थुरेओस’ हे नाव ‘थुरा’ म्हणजे दार या शब्दावरून आले आहे. सीरतच्या ग्रंथांतही याच्याशी जुळणारी एक रिवायत सापडते. खैबरच्या लढाईत हजरत अली (रजि.) यांच्या हातातील ढाल पडली, तेव्हा त्यांनी किल्ल्याजवळचे एक दार उचलून तेच ढाल म्हणून वापरले, असे ती सांगते. दार आणि ढाल ही दोन्ही सुताराची कामे, आणि दोन्हींमागे आत असलेल्याला वाचवण्याचाच हेतू.

मातीने काय राखले

लाकडी ढालीचा अभ्यास करणाऱ्यापुढची पहिली अडचण म्हणजे ती उरत नाही. पुरलेल्या माणसाबरोबर ढालही पुरली जाई. हजार वर्षांनी माती उकरली की लोखंड सापडते, लाकूड आणि कातडे कुजून गेलेले असते. ढालीच्या मध्यभागी हाताच्या संरक्षणासाठी बसवलेली लोखंडी वाटी मिळते आणि काही खिळे मिळतात. बाकी ढालीच्या जागी काळपट माती असते.

पण या थोडक्या लोखंडावरूनही पुष्कळ वाचता येते. ढालीत ठोकलेल्या खिळ्याचे डोके एका बाजूला असते आणि टोक दुसऱ्या बाजूला वाकवलेले असते. या दोहोंमधले अंतर मोजले की नाहीशा झालेल्या फळीची जाडी कळते. लोखंड गंजताना त्याला चिकटलेल्या लाकडाचे तंतू गंजात मुरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहून झाड ओळखता येते. इंग्लंडमधील सुरुवातीच्या अँग्लो-सॅक्सन कबरींतील ढालींचा असा अभ्यास झाला, त्यातून फळीची जाडी साधारण ५ ते १३ मिलिमीटर निघाली. पुस्तकातल्या चित्रांत आणि चित्रपटांत दिसणारी दोन-दोन बोटे जाडीची, ओंडक्यासारखी ढाल यात कुठेच बसत नाही.

क्वचित मातीने मेहेरबानी केली आणि लाकूडही राखले. नॉर्वेत सांदेफ्योर्दजवळ गोकस्ताद येथे १८८० मध्ये एका टेकाडाखाली अख्खे जहाज सापडले. इ.स. ९०० च्या सुमारास एका मातबर माणसाला त्या जहाजात ठेवून पुरले होते. जहाजाच्या दोन्ही कडांना ३२-३२ अशा ६४ ढाली लावलेल्या होत्या, एक पिवळी, एक काळी अशा क्रमाने रंगवलेल्या. प्रत्येकीचा व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर. डेन्मार्कमधील ट्रेलेबोर्ग किल्ल्याजवळच्या ओल्या जमिनीत २००८ मध्ये पाइनच्या लाकडाची सुमारे ८० सेंटिमीटरची ढाल मिळाली, तिची मधली वाटी मात्र हरवलेली होती. लॅटव्हियातील तिरा येथील दलदलीत नवव्या शतकातील ढाल मिळाली, तिच्या दोन्ही अंगांना कातडे अजून शिल्लक होते.

गोकस्तादच्या ढाली एक सेंटिमीटरपेक्षाही पातळ असल्यामुळे त्या केवळ अंत्यविधीच्या शोभेसाठी केल्या असाव्यात, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत या समजुतीला आव्हान दिले गेले. काही फळ्यांवर चर्मपत्रासारख्या पातळ आवरणाच्या खुणा दिसल्या, आणि या ढाली खऱ्या वापराच्याही असू शकतात, असे मत मांडले गेले. पातळ म्हणजे खोटी, हा आपला समज होता. तो का चुकीचा ठरतो, हे पाहण्यासाठी ढाल बनवण्याच्या कामाकडे वळले पाहिजे.

झाडाची निवड

सर्वांत कणखर लाकूड ओकचे, मग ढाल ओकची का नाही? ओक आणि ॲशच्याही काही ढाली सापडल्या आहेत. पण कल हलक्या, मऊ लाकडाकडे दिसतो. इंग्लंडमधील कबरींत विलो आणि पॉप्लर यांचे प्रमाण जास्त आहे. स्कँडिनेव्हियात पाइनसारखी सूचिपर्णी झाडे वापरली गेली.

यामागचे शास्त्र क्रिकेट खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला समजेल. बॅट विलोच्या लाकडाची असते, कारण चेंडूचा मार बसला की ते लाकूड दबते, पण सहजासहजी फुटत नाही. कठीण लाकडावर घाव बसला की तडा रेषेने पुढे धावतो आणि फळी दुभंगते. मऊ लाकूड घाव आपल्यातच जिरवते. रोमन लेखक प्लिनी (मृत्यू इ.स. ७९) याने हे नेमके टिपले होते. विलो, लिंडेन, बर्च, पॉप्लर अशा झाडांचे लाकूड कापले तरी ते आक्रसून जखम मिटवते, म्हणून ते ढालीला योग्य, असे त्याचे निरीक्षण होते.

इथे कवी आणि कारागीर यांच्यातली एक तफावतही समोर येते. जुन्या इंग्रजी काव्यात ढालीला ‘लिंड’ म्हणजे लिंडेनचे लाकूड असे म्हणतात. ‘बेओवुल्फ’ या प्रसिद्ध महाकाव्यातही हा शब्द येतो. कबरींतून मात्र विलो आणि पॉप्लर अधिक निघाले. काव्याच्या परंपरेत एक झाड बसून गेले, सुताराने मात्र ओढ्याकाठी जे मिळाले ते तोडले. एकट्या काव्यावर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फळ्या, सरस आणि कच्चे कातडे

आता प्रत्यक्ष काम. सुतार सहा-सात-आठ पातळ फळ्या घेई, त्यांच्या कडा रंध्याने सरळ करी आणि कडेला कड भिडवून सरसाने चिकटवी. एकावर एक थर देण्याची पद्धत या ढालींत सहसा नव्हती. ती पद्धत रोमनांची. सीरियात फुरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस येथे इ.स. २५६ च्या सुमाराची रोमन ढाल सापडली, ती पातळ पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवून केलेली आहे, म्हणजे आजच्या प्लायवूडचीच पूर्वज. उत्तरेकडील ढाल मात्र एकाच थराची असे. आज हौसेने नकला करणारे प्लायवूड वापरतात, ते सोयीसाठी.

चिकटवलेल्या फळ्यांचे वर्तुळ कापले जाई. मग मध्याकडून काठाकडे फळी तासून अधिक पातळ केली जाई. वजन कमी होते आणि ढाल हातात चटकन फिरते. मध्यभागी मुठीएवढे भोक पाडून मागे आडवी मूठ बसवली जाई. या भोकावर पुढून ती लोखंडी वाटी खिळ्यांनी ठोकली जाई. धरणाऱ्याची बोटे त्या वाटीच्या पोकळीत सुरक्षित राहत. ढाल दंडाला बांधलेली नसे, एका मुठीत धरलेली असे. म्हणूनच तिचे वजन बेताचे असणे भाग होते. त्या पद्धतीने आज करून पाहिलेल्या ढाली साधारण तीन ते पाच किलोंच्या भरतात.

कडेला कड चिकटवलेल्या पातळ फळ्या एका घावातच सुट्या व्हायच्या. त्यांना एकत्र धरून ठेवायचे काम कातड्याचे होते. कच्चे, न कमावलेले कातडे पाण्यात भिजवून मऊ करायचे, ओले असतानाच फळ्यांवर ताणून चिकटवायचे आणि वाळू द्यायचे. वाळताना ते आक्रसते आणि फळ्यांना घट्ट आवळते. डफावर कातडे चढवताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही ताकद वेगळी सांगायला नको. तिराच्या ढालीत तर कातड्याखाली दाबलेल्या गवताची भर होती, घावाचा हादरा शोषण्यासाठी. गोकस्तादच्या ढालींच्या काठालगत बारीक छिद्रांची रांग आहे. काठावर कातड्याची पट्टी शिवण्यासाठी ती असावी. स्वीडनमधील बिर्का येथे काठाचे कातडे पकडून ठेवणारे धातूचे छोटे चाप मिळाले आहेत. सबंध काठाला लोखंडी कडे ही चित्रकारांची आवडती कल्पना, प्रत्यक्षात दुर्मीळ.

चिकटवण्याच्या विद्येविषयी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थिओफिलस या ख्रिस्ती साधू-कारागिराने लिहून ठेवले आहे. चर्चमधील फळ्या आणि दारे जोडण्यासाठी तो चीजची खळ सांगतो. मऊ चीज गरम पाण्याने धुवून, कुटून, त्यात कळीचा चुना घालायचा. ही खळ एकदा वाळली की ओल आणि उष्णता तिला सोडवू शकत नाही, असे तो म्हणतो. त्या फळ्यांवर घोड्याचे, गाढवाचे किंवा गाईबैलाचे ओले कच्चे कातडे चिकटवावे, असेही तो सुचवतो. त्याचा ग्रंथ ढालीचा नाही, पण दाराची आणि ढालीची कृती किती जवळची होती हे त्यातून कळते.

सांगायचे तात्पर्य, या ढालीची ताकद एकट्या लाकडात नव्हती आणि एकट्या कातड्यातही नव्हती. झाड तोडणारा, फळी तासणारा, सरस शिजवणारा, कातडे सोलणारा आणि लोखंड ठोकणारा या सगळ्यांचे कसब एकमेकांना धरून राहिले, तरच ती टिकत असे. एकाने हात आखडला की पुढचा माणूस मेला.

मेंढीचे कातडे आणि तीस शिलिंग

हात आखडणारेही होतेच. इंग्लंडचा राजा एथेल्स्टन (राज्यकाळ ९२४ ते ९३९) याच्या कायद्यांत एक कलम आहे : कोणत्याही ढाल बनवणाऱ्याने ढालीवर मेंढीचे कातडे चढवू नये, चढवल्यास तीस शिलिंग दंड. मेंढीचे कातडे पातळ, चरबीयुक्त आणि थराथराने सुटणारे. रंग दिला की वरून फरक दिसत नाही. फरक कळतो तो पहिला घाव बसल्यावर, आणि तेव्हा तक्रार करायला गिऱ्हाईक जिवंत राहत नाही. त्याच राजाच्या काळातील लंडनच्या नियमांत एका मेंढीची किंमत एक शिलिंग धरली आहे. म्हणजे एका मेंढीच्या कातड्याने फसवणूक केली तर दंड तीस मेंढ्यांचा.

हे एक कलम आम्हाला एखाद्या लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते. ढाली विकत घेतल्या जात होत्या, स्वस्त माल खपवण्याचा मोह होता, आणि त्याची झळ साध्या शिपायाला बसत होती. नॉर्वेच्या पश्चिम भागातील गुलाथिंगच्या कायद्यातही ढालीवर आडव्या तीन लोखंडी पट्ट्या असाव्यात अशी अट घातलेली दिसते. खोट्या मालापासून जीव वाचवायचा तर कायदा हीदेखील एक ढालच होती.

झिजण्यासाठीच केलेली

चांगली ढालही फार काळ टिकावी अशी अपेक्षा नव्हती. आइसलँडच्या ‘कोरमाकच्या सागा’त द्वंद्वयुद्धाचे नियम दिले आहेत. प्रत्येक लढणाऱ्याला तीन ढाली मिळत. एक फुटली की दुसरी, दुसरी फुटली की तिसरी. तिसरीही गेली की मग निव्वळ शस्त्राने बचाव. तलवार बापाकडून मुलाकडे जाई, तिला नाव दिले जाई. ढाल आपल्या धन्यावरचा घाव स्वतःवर घेई आणि मोडून पडे. संग्रहालयांत तलवारी रांगेने उभ्या आहेत आणि ढाली मोजक्या आहेत, त्याला कुजणे हे एक कारण आणि त्या वापरून संपल्या हे दुसरे.

बगदादच्या प्रवाशाने ऐकलेला आवाज

एथेल्स्टन गादीवर येण्याआधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. अब्बासी खलिफा अल-मुक्तदिर याने व्होल्गा नदीकाठच्या बुल्गारांच्या राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. जून ९२१ मध्ये ते बगदादहून निघाले आणि मे ९२२ मध्ये पोहोचले. त्यात अहमद इब्न फजलान होता. व्होल्गाकाठी त्याला ‘रूस’ व्यापारी भेटले. हे लोक मूळचे स्कँडिनेव्हियातले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांच्या एका सरदाराचा अंत्यविधी त्याने पाहिला. मृताबरोबर एका दासीला मारून जाळायचे होते. तिला जहाजावर चढवल्यावर पुरुष ढाली आणि काठ्या घेऊन आले आणि काठ्यांनी ढाली बडवू लागले. तिच्या किंकाळ्या बाहेर ऐकू जाऊ नयेत आणि इतर दासी घाबरू नयेत यासाठी हे होते, असे तो लिहितो.

पातळ फळीवर ताणलेले कच्चे कातडे नगाऱ्यासारखे वाजणारच. आम्ही वर ढालीच्या कृतीचे जे कौतुक केले, त्याच कृतीतून हा आवाज निघाला होता. जीव वाचवण्यासाठी केलेली वस्तू एका मुलीची हाक दाबण्यासाठी वापरली गेली. ढाल कुणाची हे विचारल्याशिवाय ढालीची स्तुती करू नये, हा धडा इब्न फजलानच्या चार ओळी देतात. आपल्या काळातही धर्माची, जातीची, घराण्याच्या अब्रूची ढाल पुढे करून कुणाकुणाचे आवाज दाबले जातात, ते वाचकांना ठाऊक आहे.

शत्रूची ढाल, आपला शब्द

पुढे अकराव्या-बाराव्या शतकांत घोडेस्वारांसाठी लांबट, खाली निमुळती ढाल आली. पण लाकडावर कातडे हे सूत्र तेच राहिले. झुरिचच्या संग्रहालयात असलेल्या सेडॉर्फच्या ढालीवर लाकूड, कातडे आणि त्यावर निळ्या जमिनीवरचा रुपेरी सिंह अजून पाहायला मिळतो. सलीबी युद्धांच्या काळात मर्दी अल-तरसूसी याने सुलतान सलाहुद्दीनसाठी शस्त्रांवर एक अरबी ग्रंथ लिहिला. त्यात ‘तुर्स’बरोबर फिरंग्यांची लांब, रंगवलेली ‘तारिका’ आणि पायदळाने जमिनीवर टेकवून भिंतीसारखी उभी करायची ‘जनविया’ यांचे वर्णन आहे. जनविया म्हणजे जिनोआची. एकमेकांशी लढणारे लोक एकमेकांच्या सुतारांचे काम पाहत होते, शिकत होते, नाव न बदलता उचलत होते. तलवारीच्या इतिहासात ही देवाणघेवाण बहुधा तळटीपेत जाते.

उरते काय

आपल्या मराठीत ‘ढालाईत’ हा शब्द कोशात राहिला आहे. ढाल करणाऱ्या हातांची नावे मात्र आपल्याकडेही उरली नाहीत. युरोपातल्या अभ्यासकांनी गंजलेल्या खिळ्याच्या लांबीवरून फळीची जाडी काढली, गंजातल्या तंतूवरून झाड ओळखले. इतका सायास करावा लागला, कारण त्या सुताराला, त्या चर्मकाराला आपले काम कुणी विचारले नव्हते आणि त्यांनी ते लिहिले नव्हते.

महाराष्ट्रातही शिकलगार, पिंजारी, मोमीन, अत्तार अशी कितीतरी मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या विद्येवर जगली. शिकलगारांनी ज्या पात्यांना धार लावली ती पाती संग्रहालयांत आहेत. धार लावण्याची रीत, सहाणेची निवड, पाणी देण्याची युक्ती, त्यांची बोली, त्यांचे आपसातले शब्द यांपैकी पुष्कळसे अजून वृद्धांच्या तोंडी आहे, कागदावर थोडे आहे. ते लाकूड आहे, लोखंड नव्हे. ते कुजायला हजार वर्षे लागत नाहीत, एक पिढी पुरते. आपल्या मुलांना उर्दूत, मराठीत, जी भाषा जवळची असेल तिच्यात, घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या कारागिराचे काम विचारून लिहून आणायला सांगावे. नवाब-सुलतानांवरच्या दहा निबंधांपेक्षा असा एक निबंध आम्हाला अधिक मोलाचा वाटेल.